वजन मागे, नाळ वर

इरावती मॅडम गाडीतून उतरल्या त्या चप्पल काढून सरळ वाळूत बसल्या आणि म्हणाल्या, "आज एक नियम. कुणाचा बोर्ड दुसऱ्याने जोडून द्यायचा नाही. ज्याचा त्याने जोडायचा."

मी रुपेशकडे बघितलं. रुपेश माझा नवरा. माझा बोर्ड तोच जोडायचा, पहिल्या आठवड्यानंतर दर वेळी तोच. देवबागात त्याचं केवढं कौतुक. बायका म्हणायच्या, हेमांगीचा नवरा बघा, बायकोचे बोल्टसुद्धा आवळून देतो, नाहीतर आमचे. मलाही ते कौतुक गोड लागायचं, खोटं कशाला सांगू?

आमच्या या खेळाला विंग फॉइलिंग म्हणतात. गावातल्या म्हाताऱ्यांनी त्याला 'उडतो पाट' असं नाव ठेवलं होतं आणि ते मला जास्त पटतं. हातात हवा भरलेली कापडी विंग धरायची. पायाखाली बोर्ड. बोर्डाच्या पोटाला कमरेएवढा एक दांडा, आणि दांड्याच्या खालच्या टोकाला पाण्यात बुडालेला पंख. विंगेत वारा भरला की बोर्ड पळतो, पळाला की पाण्यातला पंख त्याला वर उचलतो, आणि माणूस पाण्याला न शिवता पाण्यावरून जातो. निदान जाणारे जातात. मी वर्षभर फक्त पडत होते.

जलक्रीडा केंद्र घरचं होतं. रुपेशचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भावोजी, बोटी आणि गिऱ्हाईक बघायचे, रुपेश पाण्यातलं बघायचा आणि मी पर्यटकांच्या लाइफ जॅकेटच्या पट्ट्या आवळायची. समुद्र माझ्या पाठीशी आणि माझं तोंड लोकांच्या पोटाकडे. लग्नाआधी असं नव्हतं. बाबांना मुलगा नव्हता, म्हणून किंवा त्यांच्या मनात आलं म्हणून, ते मला होडीत न्यायचे. बाईमाणसाने होडीत पाय ठेवला की मासळी पळते म्हणणाऱ्यांना ते सांगायचे, "पळांदे. माझ्या चेडवाक पोहूक येता, ती पकडून हाडतली." त्या माणसाची मी मुलगी, आणि मी काय करत होते, तर पट्ट्या आवळत होते.

म्हणून इरावती मॅडमचं येणं माझ्यासाठी साधं नव्हतं. दक्षिणेला त्यांची या खेळाची शाळा होती. आमच्यातल्या एकाला त्या तिकडे नेणार होत्या, शिकवायला शिकवणार होत्या, आणि मग त्याच्या हाताखाली देवबागात वर्ग सुरू होणार होता. जागा एकच. ती मला हवी होती. इतकी हवी होती, की कुणाला बोलून दाखवली नव्हती. बोलणार तरी कोणत्या तोंडाने? रुपेश उडत होता आणि मी आपटत होते. घरात सगळ्यांनी धरूनच चालवलं होतं की तो जाणार. सासूबाईंनी त्याच्यासाठी लाडूसुद्धा वळून ठेवले होते.

मॅडमनी गाडी भरून सामान आणलं होतं. लहानमोठ्या विंगा, जाडे-पातळ बोर्ड, हातभरापासून दोन हातांपर्यंत रुंद पंख. "आज सगळं वापरून बघा," त्या म्हणाल्या. "काय आवडतं ते नाही, काय चालतं ते बघा. आणि मला सांगा का चालतं."

सकाळची मतलई, जमिनीवरून येणारी झुळूक, ओसरली होती आणि वायव्येचा वारा अजून धरला नव्हता. त्या मधल्या वेळात आम्ही जोडायला बसलो. केंद्रातली आणखी दोघं-तिघं होती, नदी-समुद्राच्या संगमावर बोटी लावणारे चार जण बघायला आले होते, भावोजी खुर्ची टाकून बसले होते. मी मॅडमनी दिलेला बोर्ड उलटा केला. बोर्डाच्या पोटाला लांबट खाच असते. तिच्यात दांडा पुढे-मागे सरकवून जिथे हवा तिथे बोल्टने आवळायचा. मी दांडा खाचेत घातला, पार मागे, शेवटच्या टोकाला नेला आणि आवळला. पहिल्यांदाच जोडत असूनही हात अडला नाही म्हणून मला जरा बरंही वाटलं.

मॅडम माझ्यापाशी थांबल्या. "इतका मागे का लावलात?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. "होडीत वजन मागे टाकलं की नाळ वर येते ना. पुढचं टोक उचलायचं असेल तर भार मागे. तसंच हे."

मॅडम हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. "ही होडी नाही, हेमांगी. हे बरोबर उलटं आहे. उचलतो तो पंख. तो तुमच्या पायांच्या मागे राहिला तर शेपूट उचलेल आणि नाक खाली दाबेल. असा लावलात तर तुम्ही जन्मात उडणार नाही."

मग सगळेच हसले. बोटीवाले हसले. भावोजी खुर्चीतून म्हणाले, "होडयेवाल्याचा चेडू ता. तेका पाट काय आणि होडी काय." आणि रुपेशही हसला. मान खाली घालून स्वतःचा बोल्ट आवळत होता, पण खांदे हलत होते, मी बघितलं.

मी कानकोंडी झाले. दांडा सैल करून मॅडम सांगत होत्या तसा पुढे सरकवत होते आणि मनात बाबांची माफी मागत होते, की तुमची शिकवण मी भलत्या ठिकाणी लावली आणि चारचौघांत तुमचं हसं केलं. बोल्टचा शेवटचा आटा आवळत असताना मला आठवलं, की ही तुलना मी केलेलीच नव्हती.

ती रुपेशने केली होती. शिकायला लागल्यावर थोड्याच दिवसांत मी त्याला विचारलं होतं, माझा दांडा असा टोकाला का. तो म्हणाला होता, "तुझ्या बापसाचीच रीत ती. वजन मागे, नाळ वर." माझ्या बाबांचं नाव घेतलं आणि माझं तोंड बंद झालं. बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांचं वाक्य नवऱ्याच्या तोंडून ऐकून मला भरून आलं होतं, हे आता सांगायचीही लाज वाटते.

वारा धरला. मी पाण्यात गेले. गुडघ्यांवर बसून विंग उचलली, उभी राहिले, पाय बोर्डावरच्या खुणेवर ठेवले. मॅडमनी मला हातात मोठी विंग आणि खाली रुंद पंख दिला होता. रुपेश मला नेहमी सगळ्यात लहान द्यायचा, "तू हलकी असस, तुका पुरे," म्हणून. बोर्ड पळायला लागला. मी सवयीने अंग आवळलं, आता नाक बुडणार म्हणून. नाक बुडलं नाही. बोर्डाखालची थपथप थांबली, एकदम काहीच ऐकू येईना, आणि मी खाली बघितलं तर पाणी दूर होतं. मी उडत होते. घाबरून ओरडलेसुद्धा नाही. पडले, पुन्हा चढले, पुन्हा उठले. तिसऱ्या खेपेला नदीच्या मुखापर्यंत जाऊन आले.

त्या सुखाची मजा मला मिळायला हवी होती ना? वर्षभर ज्यासाठी तोंडात खारं पाणी भरून घेतलं, ते सुख. ते मला धड मिळालंच नाही. मुखाशी वळताना माझ्या डोक्यात एकच विचार होता, की किनाऱ्यावर जाऊन त्याचा बोर्ड उलटा करून बघायचा.

किनाऱ्यावर मॅडम टाळ्या वाजवत होत्या. मी त्यांच्या शेजारून गेले. रुपेशचा स्वतःचा बोर्ड छपराखाली होता, कायम असायचा तसा पिशवीत. त्याच्या बोर्डाला कुणी हात लावलेला त्याला चालत नसे. मी चेन ओढली. दांडा खाचेत छान पुढे होता. शेजारी माझा जुना बोर्ड, काल त्यानेच जोडलेला. दांडा पार मागे, शेवटच्या टोकाला, आणि खाली हातभरही नसलेला पंख.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. न कळून केलं असतं तर दोन्ही बोर्ड सारखे असते. त्याला कळत होतं. पहिल्यापासून कळत होतं. मी पडून गुडघे सोलून आले की हळद लावणारा तो, "होतला गो, हळूहळू होतला," म्हणणारा तो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून माझा दांडा मागे नेऊन आवळणारा पण तोच. केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

मी ओरडणार होते. तेवढ्यात मॅडमनी सगळ्यांना बोलावलं.

"शिकवणाऱ्याला दुसऱ्याचं सामानही चालवता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "रुपेश, हेमांगी, तुमचे घरचे बोर्ड आहेत ना? अदलाबदल करा, विंगसकट. तुम्ही त्यांचा घ्या, त्या तुमचा घेतील. जे बघायचं ते मी त्यात बघते."

रुपेशचा चेहरा मी बघितला. मग तो छपराखाली आला, माझ्या बोर्डापाशी वाकला आणि पाना बोल्टला लावला.

"काय करतंस?" मी विचारलं.

"काय नाय. बोल्ट सैल झालो असा."

"काल तूच आवळलंस तो."

त्याने वर बघितलं. भावोजींसमोर मी त्याला कायम 'तुमी' म्हणायची, 'तू' फक्त घरात. भावोजी मागे उभे होते आणि मी दोनदा 'तू' म्हटलं होतं. त्याला तेवढ्यावरूनच समजलं असावं.

"हेमा," तो हळू आवाजात म्हणाला, "जरासो पुढे घेतंय फक्त. माझा वजन जास्त."

"वजन मागे, नाळ वर," मी म्हणाले. "हात लावू नको. असा तसोच घे. मी वर्षभर घेतलंय."

मॅडमनी हाक मारली, काय झालं म्हणून. त्याने माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. त्याच वेळी तो म्हणाला असता, की मॅडम, याची जोडणी चुकीची आहे आणि ती माझी आहे, तर तिथेच सगळं मिटलं असतं. मी त्याला तेवढा वेळ दिला. तो म्हणाला, "काही नाही मॅडम," आणि पाना ठेवून बोर्ड उचलून पाण्याकडे चालू लागला.

मग जे झालं ते सगळ्या किनाऱ्याने बघितलं. रुपेश उभा राहिला, वारा घेतला, बोर्ड पळाला आणि नाक खुपसून थांबला. तो तोंडावर पडला. पुन्हा चढला. पाय मागे सरकवून बघितले, शेपूट बुडालं. ती चिमुकली विंग हापसून हापसून एकदा वीतभर वर आला आणि असा आपटला की बोटीवाल्यांनी "अरे अरे" केलं. मी त्याच्या बोर्डावरून त्याच्या शेजारून गेले, उडत. इतक्या जवळून, की त्याला श्वास लागलेला ऐकू आला. तो पाण्यातून मान वर करून बघत होता. मी वर्षभर बघायची तसाच.

तो बाहेर आला आणि बोर्ड वाळूत टाकला. "वारो पडलो," म्हणाला. वारा चांगला कानात घोंघावत होता. मॅडम बोर्डापाशी वाकल्या. त्यांनी बोर्ड उलटा केला, दांडा बघितला, पंख बघितला.

"हा कोणी जोडला?"

रुपेशने नजर पाण्याकडे वळवली. आणि भावोजी, ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही, ते लगेच म्हणाले, "तिनाच. आणि कोण? सकाळी बघितलास नाय, मागे लावी होती ता? बाईमाणसाक हत्यारा दिली की असाच जाता. माझो भाव उगाच पाण्यात पडलो."

सकाळचा तो हशा आता माझ्याविरुद्ध साक्ष झाला होता. चूक त्याची, पडायची मी, हसं माझं, आणि वर दोषही माझा. तरी मी बोलले नाही. मी रुपेशकडे बघत राहिले. हा माझा नवरा आहे, मला वाटलं, आता तोंड उघडेल. आता नाही तर कधी उघडणार?

तो अंगावरची वाळू झटकत होता.

"सांगतंस, का मी सांगू?" मी विचारलं.

तो वाळू झटकतच राहिला.

मग मी सांगितलं. मॅडमकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. की हा बोर्ड मी कधीच जोडला नाही, मला जोडू दिलाच नाही. वर्षभर हेच जोडत आले. स्वतःचा दांडा पुढे आणि माझा मागे. विचारलं तर माझ्या मेलेल्या बापाचं वाक्य माझ्याच तोंडावर मारलं. पटत नसेल तर दोन्ही बोर्ड शेजारी ठेवा आणि बघा.

मॅडमनी खरंच दोन्ही बोर्ड शेजारी ठेवले. बोटीवाले वाकून बघायला लागले. एकाने खाचेवर बोट ठेवून अंतर मोजलं आणि दुसऱ्याकडे बघून मान हलवली.

"घरची गजाल घरात ठेव गो," भावोजी दबक्या आवाजात म्हणाले. "भायल्या माणसांसमोर घोवाची उणीदुणी काढतंस? आमच्या घरात ही पद्धत नाय."

"तुमच्या घरातली पद्धत मी आजच बघितलंय, भावोजी."

मला वाटलं होतं बोलताना रडू येईल. आलं नाही. इतका राग होता, की त्याला जागाच नव्हती.

मॅडमनी मला बाजूला नेलं नाही, की माझी समजूत घातली नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "पुढच्या सोमवारी निघायला जमेल?" मी हो म्हणाले. कुणाला विचारून सांगते, असं म्हणाले नाही. जन्मात पहिल्यांदा.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी गेले, शिकून आले, देवबागात वर्ग चालवते. माझ्या हाताखालून गेलेली मुलं-मुली स्वतःचा दांडा स्वतः लावतात. घर मोडलं नाही. लोकांना वाटतं मी माफ केलं. माफीबिफी काही नाही, तो माझ्याबरोबर राहतो आणि मी त्याच्याबरोबर. पण त्या दिवसाची आठवण झाली की मला अजून तितकाच राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

त्या दिवशी संध्याकाळी मॅडमची गाडी गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. सामान गोड्या पाण्याने धुवायचं होतं, ते काही भांडण झालं म्हणून चुकत नाही. मी नळी धरली होती, तो पंख पुसत होता.

"पयल्या आठवड्यात," तो पंखाकडे बघत म्हणाला, "तू उठलंस. आठवता?"

आठवत होतं. सामान नवीन होतं, जोडणी केंद्रात सामान देऊन गेलेल्या माणसाने केली होती. मी दोन-तीन श्वास हवेत राहिले होते आणि पडले होते. नशीब, असं सगळे म्हणाले. नंतर कधी जमलं नाही, तेव्हा मीही तसंच म्हणू लागले.

"मी तवा उठूक नाय होतंय," तो म्हणाला. "दादा हसलो. म्हणालो, बायल उडता आणि घोव बुडता."

"म्हणून?"

"दोन दिवसांसाठी केलंय. माका जमापर्यंत. मग माका जमला, आणि..." तो थांबला. "मग पुढे कसो घेवचो? तू लगेच उठलं असतंस. तुका कळला असता."

मी नळी बंद केली. यापेक्षा 'तू उंचावरून पडशील म्हणून भ्यालो' असं खोटं बोलला असता तरी मला कमी राग आला असता. त्याच्या भावाच्या एका हसण्यासाठी माझं वर्ष गेलं होतं.

त्याने पंख खाली ठेवला. त्याच्या आवाजात तक्रार होती, पश्चात्ताप नव्हता, हे मला नीट ऐकू आलं.

"पण ह्या तू माका घरात इचारूक होया होतंस, हेमा. चार माणसांत माझी लाज काढलंस."

"वर्षभर मी पडत होतंय," मी म्हणाले, "तेवा हीच चार माणसा होती."